लसणाच्या वासाचा बर्फ

विनायकराव साठे यांनी उभ्या नोकरीत बर्फाचा पापुद्रा कधी खपवून घेतला नव्हता. सुरतेच्या एका तंत्रनिकेतनात ते शीतकरण शिकवीत. "थंड नळीवर साचलेला बर्फ म्हणजे यंत्राच्या अंगावर घातलेली गोधडी," असे ते दर वर्षीच्या नव्या मुलांना सांगत. "नळी आतल्या आत गारठते, आणि बाहेर दूध नासतं."

निवृत्त झाल्यावर शिकवायला मुले उरली नाहीत, पण नियम उरला. दर रविवारी सकाळचा चहा झाला की ते मागच्या गॅलरीतल्या जुन्या एकदारी फ्रिजपाशी जात, वरच्या कप्प्याजवळचे तांबडे बटण दाबत, खाली ताट सरकवत आणि बर्फ वितळून ठिबकेपर्यंत तिथेच खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसत. स्वयंपाकघरात सुनेने हौसेने घेतलेला दोन दारांचा नवा फ्रिज होता. त्यात बर्फ साचतच नसे. त्या फ्रिजविषयी विनायकरावांना आदर होता, जिव्हाळा नव्हता. जिव्हाळा होता तो जुन्याशी, कारण तो त्यांच्याच हातच्या दुरुस्तीवर चालत होता. अरुणाबाई त्यात हिवाळ्याची बेगमी ठेवीत: सोललेली वालपापडी, तुरीचे दाणे आणि पातीसकट चिरलेला हिरवा लसूण.

अशा माणसाकडे त्याच्या नातीने बर्फ मागितला.

रेवा पहिलीत होती. तिची आई श्वेता पावसाळ्याच्या शेवटी शिकायला म्हणून कॅनडाला गेली होती. तिने पुढे जायचे, जम बसवायचा, आणि दिवाळीनंतर मंदारने रेवाला घेऊन मागोमाग जायचे, असा बेत ठरला होता. मंदार म्हणजे विनायकरावांचा मुलगा. इच्छापोरच्या एका कारखान्यात पाळीने काम करणारा. दिवाळी झाली, आणि दोघांचेही व्हिसाचे कागद नामंजूर होऊन परत आले. पुन्हा अर्ज करता येईल, एवढाच काय तो दिलासा होता. रेवाला हे सांगायचे कोणी आणि कसे, यावर घरात बरीच कुजबुज झाली आणि तिचा शेवट कोणीच न सांगण्यात झाला.

मग डिसेंबरातल्या एका सकाळी श्वेताचा फोन आला. तिने फोन खिडकीकडे वळवला. बाहेर रात्र होती आणि दिव्याच्या उजेडात बर्फ पडत होता, अगदी सावकाश, आवाज न करता. रेवा पडद्याला नाक लावून बघत राहिली.

"मम्मी, मला कधी नेणार तिकडे?"

पडद्यावर श्वेताचा चेहरा परत आला. तिने एकदा मंदारकडे पाहिले आणि हसून म्हणाली, "अगं सोनू, बघतेस ना केवढी थंडी आहे? तू आपली सुरतची पोर. तुला नाही सोसायची ही. थोडी थांब."

मोठ्या माणसांना हायसे वाटले. निमित्त छान सापडले होते, कोणाला बोल लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळी ती कुठे दिसेना म्हणून अरुणाबाई न्हाणीघरात डोकावल्या, तर ही अनवाणी फरशीवर उभी राहून लोट्याने पायांवर गार पाणी ओतत होती. पावले लाल झाली होती.

"अगं बाई! हे काय चालवलंयस?"

"प्रॅक्टिस," रेवा म्हणाली.

त्याच संध्याकाळी ती आजोबांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली. "आजोबा, घरी बरफ करता येतो?"

"फ्रिजमध्ये आहे की. काढून देऊ?"

"तो चौकोनी नको. मम्मीकडे पडतो तो. धोळो. पांढरा."

"कशाला गं?"

"त्यात उभी राहीन. मम्मीला दाखवीन. मग ती म्हणू शकणार नाही ना, तुला सोसायची नाही म्हणून!"

विनायकरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. खरे सांगायची वेळ हीच होती, हे त्यांना तेव्हाही कळले. पण मनाचा प्रश्न समोर आला की त्यातला यंत्राचा भाग तेवढा वेगळा काढून हाती घ्यायचा, ही त्यांची जुनी खोड होती. यंत्राच्या प्रश्नाला उत्तर असते.

"बघू या," ते म्हणाले.

पहिला प्रयोग सोपा होता. बर्फाचे चौकोन फडक्यात गुंडाळून फोडले आणि मिक्सरमध्ये फिरवले. बाहेर आला तो ओला, करकरीत, राखाडी चुरा. रेवाने बोट घातले आणि मान हलवली.

"हा तर गोळेवाल्याचा. आता वरून लाल सरबत टाका."

वरच्या मजल्यावरच्या शोभाबेन वाटी परत करायला आल्या होत्या. त्यांनी हा प्रकार पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे काका, एमां शुं मोटी वात छे? चिंटूना बर्थडेनो स्प्रे पड्यो छे घरमां. आखुं घर धोळुं करी आपुं!" मुलाच्या वाढदिवसाचा उरलेला फेसाचा डबा त्या वरून घेऊनच आल्या. फस्स करून पांढरा फेस उडाला, रेवाच्या केसांवर, टेबलावर, अरुणाबाईंच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. दिसायला तो अगदी हवा तसा होता. रेवाने तळव्यावर घेऊन तो गालाला लावला.

"ठंडो नथी. गारच नाही," ती म्हणाली. शोभाबेनचे मन मोडू नये म्हणून मग तिने "थँक्यू" म्हटले आणि हात धुवायला गेली.

पुढच्या रविवारी विनायकराव चहा संपवून जुन्या फ्रिजपाशी गेले. वरच्या कप्प्याचे झाकण उघडले, तांबड्या बटणावर बोट ठेवले आणि थबकले. नळ्यांवर, झाकणाच्या कडेला, लसणाच्या डब्याच्या पाठीवर आठवडाभराचा बर्फ धरला होता: पांढरा, भुसभुशीत, बारीक बारीक सुयांचा. जन्मभर ज्याला ते दोष म्हणत आले, तो त्यांच्याकडे पाहत होता.

"रेवा! इकडे ये."

त्यांनी तिला उचलून धरले. तिने बोटाने एक सुई खुडली. ती बोटावर क्षणभर टिकली आणि पाणी झाली.

"हाच!" ती किंचाळली. "आजोबा, हाच!"

"आपली चूक कळली का तुला?" विनायकरावांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "आपण पाण्याचा दगड करून तो फोडत होतो. आकाशातला बर्फ कोणी फोडत नाही. हवेतली वाफ थंड जागेवर येऊन बसते आणि सुईला सुई लागत तो वाढतो. बर्फ करायचा नसतो. वाढवायचा असतो."

"झाडासारखा?"

"झाडासारखा."

त्या दिवसापासून घरात नियमांचे शीर्षासन झाले. विनायकरावांनी फ्रिजच्या दाराच्या रबरात, वरच्या कोपऱ्यात, पुठ्ठ्याची घडी खोचली म्हणजे बाहेरची दमट हवा थोडी थोडी आत शिरत राहील. खालच्या फळीवर कोमट पाण्याचे पातेले झाकण न घालता ठेवले. पाणी गार झाले की ते बदलायचे काम रेवाचे. यंत्र सारखे घरघरू लागले.

अरुणाबाई हे सगळे कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. "जन्मभर पोरांवर ओरडलात, दार नीट लावा, दार नीट लावा. आणि आता स्वतः फटीत पुठ्ठा घालून बसलाय!"

"अगं, शास्त्र आहे ते."

"असू दे. पण माझी पापडी मऊ पडली तर ते शास्त्र ताटात वाढीन."

बर्फ वाढू लागला. शाळेतून आल्यावर दप्तर पाठीवर असतानाच रेवा गॅलरीत धावे आणि आजोबांना हाक मारी. दार मात्र तिने एकटीने उघडायचे नाही, हा करार होता. एका संध्याकाळी त्यांनी वर धरल्या धरल्या तिने नाक पुढे केले आणि ती थांबली.

"आजोबा, वास येतो."

विनायकरावांनीही हुंगले. यायचाच होता. अरुणाबाईंच्या हिरव्या लसणाचा दरवळ वाफेबरोबर वर चढून सुईसुईत जाऊन बसला होता.

"मम्मीच्या बर्फाला पण लसणाचा वास येतो?"

"तिला विचार," विनायकराव म्हणाले, आणि किती तरी दिवसांनी मोकळेपणी हसले.

हे हसणे मंदारने दारातूनच ऐकले. कारखान्याच्या बसमधून तो नुकताच उतरला होता. रेवा खेळायला खाली गेल्यावर तो गॅलरीत आला, फ्रिज उघडून त्याने आतला पांढरा ढीग पाहिला आणि दार लावले. पुठ्ठ्याची घडी खाली पडली. त्याने ती उचलली नाही.

"बाबा, हे वितळू द्या."

"का रे?"

"संक्रांतीला ती श्वेताला दाखवणार आहे म्हणे. अख्ख्या सोसायटीला सांगत फिरतेय. ती त्यात उभी राहिली आणि म्हणाली, बघ, सोसते मला, आता ने. तर श्वेतानं काय सांगायचं?"

"खरं सांगायचं."

"फोनवर? एवढ्या लांबून? तिला इथे जवळ घेता येणार नाही, की..." मंदारने वाक्य सोडून दिले. "बटण दाबा. लाइट गेली होती म्हणून सांगू. एक दिवस रडेल, विसरेल."

विनायकरावांनी पुठ्ठा उचलला आणि त्याची घडी सारखी केली. "मंदार, मी मुलांना एक गोष्ट शिकवायचो. जो भाग बिघडलेला नाही, त्याला पाना लावायचा नाही. कागद अडले ते तिकडे. आणि आपण सगळ्यांनी मिळून दोष कोणाला दिला? त्या पोरीच्या पायांना. ती बिचारी महिनाभर स्वतःचीच दुरुस्ती करत बसली आहे. न्हाणीघरात उभी राहते रोज, ठाऊक आहे तुला?"

मंदारला ठाऊक नव्हते. तो गॅलरीच्या कठड्याला टेकला. समोरच्या गच्चीवर कोणी तरी पतंगाला दोऱ्याची कन्नी बांधत होते.

"मलाही जायचंय हो बाबा," तो म्हणाला, अगदी हळू. "मला तर कोणी थंडीचं निमित्तसुद्धा सांगत नाही."

विनायकरावांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. मंदार गेल्यावर त्यांनी फ्रिज पुन्हा उघडला. थंड वाफ अंगावर आली. तांबडे बटण बोटाच्या टोकाशी होते. दाबले असते तर सकाळपर्यंत सगळे ताटात ठिबकले असते. घरातले कोणी त्यांना काही विचारले नसते आणि ज्या मुलीने विचारले असते तिने त्यांच्यावर विश्वासही ठेवला असता. त्या शेवटच्या गोष्टीनेच त्यांचे बोट मागे आले. पुठ्ठा त्यांनी पहिल्या जागी खोचला.

संक्रांतीच्या सकाळी त्यांच्या बमरोली भागातल्या गच्च्यांवर उजाडायच्या आतच स्पीकर लागले होते. जिकडे तिकडे पतंग काटल्याचे "काप्यो छे!" चालले होते. हवेत गारवा होता, पण सुरतेचा गारवा तो. ऊन चढले की पंखा लागणारच होता. विनायकरावांनी लाकडी उलथने घेतले. धातूचे काही नळीजवळ न्यायचे नाही, एवढा नियम त्यांनी मोडला नव्हता. वरचा थर भुसभुशीत निघाला, खालचा घट्ट. तो त्यांनी हातांनी चुरून वरच्यात मिसळला. अरुणाबाईंनी पुरणाची मोठी परात आपण होऊन पुढे केली होती. परातीत बर्फ पसरला तेव्हा तो पुरता रेवाच्या घोट्यांइतकाही भरला नाही. पण पांढरा होता, आणि अर्थातच लसणाचा होता.

मंदारने फोन लावला. पलीकडे रात्र होती. श्वेता स्वेटरवर स्वेटर घालून बसली होती.

"मम्मी, बोलू नकोस. फक्त बघ."

रेवाने चप्पल काढली, फ्रॉक दोन्ही हातांनी वर धरला आणि परातीत पाय ठेवले. तिच्या पायाची बोटे आत वळली. ओठ घट्ट मिटले. तिने हूं की चूं केले नाही. बाहेर कोणाचा तरी पतंग कटला, आरोळी उठली. रेवाने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. तिची नजर पडद्यावर होती.

"सोसते मला," ती अखेर म्हणाली. दात वाजत होते. "आजोबांनी वाढवला बरफ. मी रोज प्रॅक्टिस केली. आता ने."

पलीकडे श्वेताने तोंडावर हात धरला होता.

"मम्मी, तुझ्या बर्फाला पण लसणाचा वास येतो?"

"लसणाचा?"

"आजीच्या हिरव्या लसणाचा. आमच्याला येतो."

श्वेताच्या चेहऱ्यावर हसू फुटले आणि तिथेच मोडले. "नाही गं राणी," ती म्हणाली. "इथल्या बर्फाला कसलाच वास नाही. इथे कशालाच वास नाही." तिने डोळे पुसले. "बाबा, तिला आधी बाहेर काढा. पाय पुसा तिचे. मग मी सांगते."

विनायकरावांनी नातीला उचलून मांडीवर घेतले. अरुणाबाईंनी कोरड्या पंच्याने पावले चोळायला सुरुवात केली. आणि श्वेताने सांगितले. फिरवून फिरवून नाही, सरळ: की थंडीमुळे नाही, की रेवाचे पाय चांगले मजबूत आहेत, मम्मीपेक्षाही, की तिला आणि पप्पांना इकडे यायला काही कागद लागतात, ते इथल्या साहेबांनी परत पाठवले, की पुन्हा पाठवायचे आहेत, की किती दिवस लागतील ते मम्मीलाही माहीत नाही. "मी खोटं बोलले तुझ्याशी," ती म्हणाली. "मला सांगवेना गं."

सगळे जण रेवाच्या रडण्याची वाट पाहत होते. ती रडली नाही. तिने बराच विचार केला. मग मान मागे करून, वर, आजोबांच्या तोंडाकडे पाहिले.

"आजोबा, कागद घरी करता येतात?"

गच्चीवरचे गाणे बदलले. विनायकरावांच्या मनातून तेवढ्यात किती तरी यंत्रे सरकून गेली, उघडलेली, जुळवलेली, पुन्हा चालू केलेली. त्यांतले एकही या कामाचे नव्हते.

"नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला पण नाही?"

"मला पण नाही बाळा."

आता मात्र तिचा ओठ थरथरला. तिने तोंड त्यांच्या सदऱ्यात खुपसले आणि ती रडली, पोटभर, आईच्या देखत. श्वेताही रडत होती. मंदारने फोन परातीजवळ उभा करून ठेवला आणि खाली बसून रेवाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. कोणी कोणाला उगी म्हटले नाही. बाहेर उन्हे चढली, परातीतल्या बर्फाला मधोमध खळगा पडला, खळग्यात पाणी साचले.

रडणे ओसरल्यावर रेवाने डोके वर काढले. परातीत बोट घालून पाहिले.

"संपला," ती म्हणाली.

"संपायचाच तो."

"मग परत लावा. कागद येईपर्यंत ठेवू या." तिने नाक ओढले. "नाही तर सवय मोडेल ना माझी. आणि मम्मीला वास पाहिजे."

"वास फोनवरून कसा जाणार गं?" अरुणाबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या.

"मी सांगीन ना तिला. आज येतोय, उद्या येतोय, असं."

पडद्यावरची श्वेता ओल्या डोळ्यांनी मान हलवत होती. तिच्या मागच्या काळ्या खिडकीत बर्फ पडत होता, बिनवासाचा, भरपूर.

रविवार आला. चहा झाल्यावर विनायकराव सवयीने ताट आणि वर्तमानपत्र घेऊन मागच्या गॅलरीत गेले. फ्रिज उघडला. नळ्यांवर नवा पापुद्रा धरू लागला होता, इतका पातळ की फुंकर घातली असती तर गेला असता. लसणाचा वास आला. त्यांनी बटणाकडे पाहिले. मग हातातले ताट भिंतीला टेकवून ठेवले, खिशातून पुठ्ठ्याची घडी काढली आणि दार लावता लावता वरच्या कोपऱ्यात, रबराच्या आत, नीट बसवली.

"रेवा," त्यांनी आत हाक मारली, "पाणी कोमट कर म्हणावं आजीला."